कोयनेचे पाणी खाडीत काय करते?

गुहागरहून निघालेला रस्ता चिपळूण, पाटण, कराड, विटा असे करीत जतवरून विजापूरला जातो. ह्या एकाच रस्त्याच्या एका टोकाला समुद्र आहे आणि दुसऱ्या अंगाला जतचे कोरडे माळ आहेत. मधे, पाटणच्या पुढे, कोयनेचे धरण आहे. उन्हाळा लागला, की सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात कुठल्याही पारावर बसा, एक वाक्य हमखास कानावर येते: ‘कोयनेचं पाणी कोकणात सोडत्यात, समुद्राला मिळतंय, वाया जातंय.’ मी कृषी विस्ताराच्या कामात असल्यामुळे हे वाक्य मला ‘साहेब’ म्हणून ऐकवले जाते, जणू धरणाची किल्ली माझ्याच खिशात आहे!

मग ठरवले, की एकदा त्या पाण्याच्या मागे मागे जाऊन ते समुद्रापाशी काय करते ते बघून यावे. बरोबर दोघे शेतकरी होते. एक वाळव्याकडचे आप्पा, ऊसवाले. दुसरे जतकडचे तात्या, ज्यांच्या दारात टँकर येतो. दोघांचे व्याही-नाते आहे, त्यामुळे वाटेत पाण्यावरून जी बोलाचाली झाली ती घरातलीच म्हणायची.

कराडला आम्ही प्रीतिसंगमावर थांबलो. महाबळेश्वराच्या एकाच डोंगरावर उगम पावलेल्या कृष्णा आणि कोयना येथे समोरासमोर येऊन भेटतात आणि पुढे सांगलीकडे वळतात. हे पाणी कर्नाटक, तेलंगणा, आंध्र असा सुमारे चौदाशे किलोमीटरचा प्रवास करून हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागराला मिळते. पण कोयनेचे सगळेच पाणी कराडला येत नाही. धरणाच्या जलाशयातून, म्हणजे शिवाजीसागरातून, बोगद्याने निघालेले पाणी सह्याद्रीच्या पोटातून पलीकडे जाते, सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडते आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहातली यंत्रे फिरवते. १९६२ सालापासून हे चालले आहे. तेथून ते कोळकेवाडीच्या धरणात अडवतात, पुन्हा एकदा खाली सोडून अलोरेच्या बाजूला वीज काढतात आणि मग कालव्याने वाशिष्ठी नदीत सोडून देतात. वीज काढून झालेल्या ह्या पाण्याला चिपळूणकडे ‘अवजल’ म्हणतात. बच्छावत लवादाच्या १९७६ च्या निवाड्याने पश्चिमेकडे वळवायच्या ह्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे.

टीएमसी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. म्हणून एस.टी.त बसल्या बसल्या हिशेब केला. ६७.५ टीएमसी वर्षभर सारखे सोडले, तर ते जवळजवळ २१०० क्युसेक पडते. धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून नदीत २१०० क्युसेक सोडले, ही बातमी आपण नेहमी वाचतो. तेवढाच प्रवाह, सरासरीने, बारा महिने तेरा काळ घाटापलीकडे जातो असे धरा. प्रत्यक्षात तो सारखा नसतो. विजेची गरज वाढली की यंत्रे जास्त चालतात, पाणी जास्त येते.

‘बघा, एवढं पाणी!’ तात्या म्हणाले. कुंभार्ली घाट उतरताना त्यांनी खिडकीबाहेर बघण्याचे सोडून दिले होते.

चिपळूणला वाशिष्ठी पाहिली आणि पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की एप्रिलच्या मध्याला नदी वाहती होती. कोकणातल्या नद्या आखूड. पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहतात आणि माघ-फाल्गुनात त्यांचे गोटे उघडे पडतात. घाटमाथा ते समुद्र एवढीच त्यांची धाव. पाणी साठवून ठेवायला जागा कुठली? वाशिष्ठीला मात्र घाटावरचा हा सासरचा आहेर बारमाही मिळतो. चिपळूण शहर पिण्याचे पाणी ह्याच नदीतून उचलते. वीजनिर्मिती कमी झाली की अवजल कमी होते आणि शहराच्या पाण्याची ओढाताण सुरू होते. म्हणजे पाणी ‘वाया’ जाण्याआधीच काही हजार घरांतल्या हंड्यांत गेलेले असते. आप्पा हे ऐकून नुसते हसले. तात्या म्हणाले, ‘हंड्यात जाऊ द्या की. पण सगळं हंड्यात जातंय व्हय?’

प्रश्न बरोबर होता. सगळे हंड्यात जात नाही. बहुतेक खाडीत जाते.

चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या धक्क्यावरून आम्ही मशीनची होडी ठरवली. येथून दाभोळचे मुख पाण्याच्या वाटेने चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर दूर आहे, तरीही येथे भरती-ओहोटी येते. घाटावरच्या माणसाला हे पटवून घ्यायला वेळ लागतो, की नदी दिवसातून दोनदा उलटी चढते! होडीवाले साठीचे होते. त्यांनी तिथी विचारली. अष्टमी होती. ‘मग आज भांग हाय, दादा. पाण्याला ओढ नाय जास्त.’ अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला भांग. भरतीची वेळ काढण्याची त्यांची रीत मला फार आवडली. तिथीची पाऊणपट करायची. आठ पाऊणे सहा, म्हणजे अष्टमीला समुद्रावर पूर्ण भरती साधारण सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. वर खाडीत ती उशिरा पोचते, तेवढा वेळ मिळवायचा. आमच्या पिढीने शाळेत पाऊणकी घोकली ती कशासाठी, ते पन्नाशी उलटल्यावर कळले.

ओहोटीबरोबर आम्ही खाली निघालो. दोन्ही काठांना कांदळवनाची हिरवी भिंत, मधे गाळाच्या पुळण्या, आणि एका पुळणीवर मगर आ वासून ऊन खात पडलेली! आप्पांनी ती ओळखली. भिलवडी-डिग्रजच्या डोहांत आपल्याकडे असते तीच ही जात. मुळात गोड्या पाण्यातली. थोडा खारेपणा सोसते. खाऱ्या पाण्यातली झाडे आणि गोड्या पाण्यातली मगर एकाच काठावर, ह्यावरूनच ह्या जागेचा स्वभाव समजावा.

आता खाडीत पाणी कसे मिसळते ते सांगतो. घरात मुलांना हा प्रयोग करून दाखवा. काचेच्या ग्लासात अर्धे पाणी घ्या, त्यात दोन चमचे मीठ विरघळवा, चिमूटभर हळद टाका. मग चमच्याच्या पाठीवरून हळूहळू साधे पाणी वर सोडा. पिवळे पाणी खाली राहील, स्वच्छ पाणी वर तरंगेल. मीठ विरघळले की पाणी जड होते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे दहा लिटरच्या घागरीत साडेतीनशे ग्रॅम, आणि ती घागर गोड्या पाण्याच्या घागरीपेक्षा पाव किलोने जड. एवढ्याशा फरकावर खाडीचा सगळा कारभार चालतो.

नदीचे हलके पाणी वरच्या अंगाने समुद्राकडे निघते. समुद्राचे जड पाणी पाचरीसारखे तळाशी घुसते. वरचे पाणी जाता जाता खालच्या खाऱ्या पाण्याचा थोडाथोडा थर घासून बरोबर घेऊन जाते. खाली जी तूट पडते, ती भरायला समुद्राकडून आणखी खारे पाणी तळातळाने आत येते. जुन्या विहिरीवरचे रहाटगाडगे आठवा. एका बाजूने भरलेली गाडगी वर येतात आणि दुसऱ्या बाजूने रिकामी खाली जातात, तसे येथे वरून बाहेर आणि तळातून आत असे फिरणे अखंड चालू असते. कोळंबीची आणि माशांची कितीतरी पिल्ले ह्या तळाच्या ओढीवर बसून समुद्रातून खाडीत येतात, कांदळाच्या मुळांत वाढतात आणि मोठी झाली की परत जातात.

भरती-ओहोटी हे सगळे घुसळून काढते. उधाणाला घुसळण मोठी, म्हणून वरचे-खालचे पाणी बरेच एकजीव होते. भांगाला घुसळण कमी, त्यामुळे थर जास्त स्पष्ट राहतात. आमची तिथी त्या दृष्टीने सोयीची होती. निम्म्या वाटेवर होडी थांबवून मी बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी लावली, बाटली तळाशी सोडली आणि मग बूच ओढले. विहिरीच्या तळाचे पाणी तपासायलाही हीच युक्ती चालते. वरचे पाणी ओंजळीत घेऊन चाखले तर मचूळ लागले. बाटलीतले तात्यांनी जिभेवर घेतले आणि थुंकले. ‘हे तर नुसतं मीठ!’ एकाच जागी, एका होडीखाली, दोन चवी.

आता कोयनेकडे या. वरून येणाऱ्या गोड्या पाण्याचा जोर जितका, तितकी ती खारी पाचर मागे रेटली जाते. पावसाळ्यात पूर आला की खारे पाणी पार मुखाकडे ढकलले जाते. उन्हाळ्यात नदी आटली की ते वर चढते आणि थेट पुळणीच्या टोकापर्यंत जाते. कोकणच्या इतर खाड्यांत फाल्गुन-चैत्रापासून हेच होते. वाशिष्ठीत मात्र भर उन्हाळ्यात घाटावरचे पाणी पाठीशी उभे असते. त्यामुळे मिठाची हद्द खाली राहते. खाडीत उतरलेल्या अवजलाचे हे काम. ते कुठल्या मीटरवर नोंदले जात नाही, म्हणून ते होतच नाही असे मानायचे का?

तात्यांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘साहेब, त्यांचं मीठ मागं ढकलायला आमचं पाणी, आणि आमची तहान मागं ढकलायला कोण?’ ह्या प्रश्नाला माझ्याजवळ गुळगुळीत उत्तर नाही. जत, आटपाडी, कवठे महांकाळची तहान खरी आहे. टंचाईच्या वर्षी पश्चिमेकडचे पाणी कमी करून पूर्वेला द्या, ही मागणी होते आणि तिच्यात अन्याय काही नाही. पण त्याच वेळी हेही खरे, की म्हैसाळ, टेंभू, ताकारीचे पंप विजेवर चालतात आणि पोफळीला पावणेपाचशे मीटर पडणारे पाणी जेवढी वीज देते, तेवढी तेच पाणी पूर्वेला पायथ्याशी सोडून मिळत नाही. अवजल नळाने मुंबईला न्यावे, अशीही योजना बरीच वर्षे चर्चेत आहे. माझे मत विचाराल तर भांडण जरूर भांडावे, पण त्यातून ‘वाया’ हा शब्द काढून टाकावा. पाणी कोणाच्या कामातून काढून कोणाच्या कामाला लावायचे, असे सरळ म्हटले की हिशेब नीट मांडता येतो.

गाळाचेही येथेच सांगून टाकतो. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ एकत्र येऊन खाली बसतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. समुद्राचे मीठ तुरटीसारखेच काम करते. नदीने आणलेले मातीचे बारीक कण खाऱ्या पाण्याला भेटले, की एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि तळाशी बसतात. म्हणून गोडे आणि खारे जेथे भेटते, तेथेच पुळण्या वाढतात. एकेकाळी गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत गलबते लागत. आता खाडी उथळ झाली आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले तेव्हा वरून घाटाचा पाऊस आणि खालून भरती अशी नदीची कोंडी झाली होती. त्याच आठवड्यात सांगलीतही पुराचे पाणी शिरले होते. घाटमाथ्यावरचा पाऊस एकच, उतार दोन. त्यानंतर वाशिष्ठीतला गाळ काढण्याचे काम हाती घेतले गेले.

पुढे आम्ही रस्त्याने धोपाव्याला गेलो आणि फेरीबोटीने पलीकडे दाभोळला उतरलो. मासळी, बंदर, जुनी मशीद हे सगळे बघण्यासारखे आहे, पण आम्हा तिघांचे डोळे शेताकडे. कोकणात खाडीकाठच्या जमिनीला खार जमीन म्हणतात. मातीचा बांध घालून भरतीचे पाणी अडवतात. बांधाला एक दार असते, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला आतले पाणी त्या दाराला ढकलून बाहेर पडते, भरतीला बाहेरचे पाणी दार दाबून बंद करते. माणसाने हात लावायची गरज नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीचे पाऊस मातीतले मीठ धुतात, ते उघाडीतून खाडीत जाते आणि मग भात लावतात. जुने शेतकरी ‘राता’ नावाची तांबडी भाते लावीत, ती खारेपणा सोसतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा जाती दिल्या आहेत. बांधाला खांड पडली आणि एकदा का उधाणाचे पाणी आत शिरले, की त्या हंगामाचे पीक गेलेच.

समुद्राकाठच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतल्या विहिरींचे पाणी गोड कसे, हे आप्पांनी विचारले. जमिनीखालीही ग्लासातलाच प्रयोग चालू असतो. पावसाचे मुरलेले गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. ढोबळ हिशेब असा, की समुद्राच्या पातळीवर एक फूट गोडे पाणी उभे असेल तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. म्हणजे जोरकस पंप बसवून वरचे एक फूट खाली ओढले, की खालून चाळीस फूट मीठ वर सरकायला लागते. रहाटाने पाणी काढणाऱ्यांना हे कळायची वेळ आली नाही. इंजिन आले आणि काही विहिरी बिघडल्या.

आप्पांनी तेथून निघताना एकच प्रश्न विचारला आणि तो परतीच्या वाटेवर घाट चढेपर्यंत पुरला. ‘ह्या लोकांच्या दाराशी समुद्र असून शेत पिकतंय. मग माझ्या नदीकाठच्या शेताला मीठ कुठनं फुटलं?’

आप्पांचा दोन एकरांचा तुकडा गेली काही वर्षे पांढरा पडतो. उसाची उगवण तुटक, पाने करपलेली. उत्तर खाडीतच आहे. आपण मानतो, की कृष्णेचे पाणी गोड आहे, त्याने मीठ कसे येईल? लिटरला पाव ग्रॅम क्षार असलेले पाणी पिण्याला गोडच लागते. उसाला वर्षात उभे दोन मीटर पाणी दिले, असे धरा. पाटाने मोकाट दिले तर जास्तच जाते. एकरी ऐंशी लाख लिटर होते. त्यातून शेतात आलेले क्षार होतात दोन टन, दर साल, दर एकरी. ऊस पाणी पितो, मीठ बहुतेक मागे ठेवतो. जमिनीला निचरा असेल तर पावसाळ्यात ते धुऊन जाते. आपली नदीकाठची काळी जमीन खोल, चिकण, पाणी धरून बसणारी. खालचे पाणी वर येत येत चार-पाच फुटांवर आले, की दिव्यातले तेल वातीने चढावे तसे ते मातीतून वर चढते, उन्हाने उडते आणि मीठ पृष्ठभागावर सोडून जाते. खारातल्या शेतकऱ्याने निदान उघाडी ठेवली आहे. आपण पाणी आणण्याचे दार केले, बाहेर जाण्याचे केलेच नाही.

जतकडे टेंभू-म्हैसाळचे पाणी पोचत आहे, त्या गावांनीही हे आताच ऐकून ठेवावे. तेथली बरीचशी जमीन हलकी आहे, पण ओढ्याकाठच्या खोलगट काळ्या पट्ट्यांत दहा-पंधरा वर्षांत आप्पांचीच गत होऊ शकते. तात्या म्हणाले, ‘पाणी तर येऊ द्या आधी.’ ते खरेच आहे म्हणा!

उपायाची घाई मात्र नको. आधी माती-परीक्षण करून घ्या. जमीन नुसती क्षारयुक्त आहे की चोपण, हे कळले पाहिजे. क्षार भरपूर असतात तोवर माती भुसभुशीत दिसते, कारण खाडीतल्या गाळासारखे तिचे कण मिठाने एकत्र धरलेले असतात. चोपणाकडे झुकलेल्या जमिनीत वरून नुसते गोडे पाणी भरून मीठ धुवायला गेलात, तर कण सुटे होतात, भेगा-छिद्रे बुजतात आणि जमीन लादीसारखी होते. अशा जमिनीला माती-परीक्षणाप्रमाणे जिप्सम द्यावे लागते. त्यातला चुना सोडियमला हुसकून कणांना पुन्हा जोडतो. धैंचा गाडल्याने मदत होते. पण हे सारे निचऱ्यानंतर. उघडे चर काढा किंवा साधारण चार फुटांवर सच्छिद्र पाइपांचा भूमिगत निचरा करा. सांगलीजवळ कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात ह्या विषयाची माहिती मिळते. खर्च मोठा आहे, म्हणून शेजाऱ्यांनी एकत्र येऊन करणे बरे. एकट्याच्या पाइपाला शेवटी दुसऱ्याच्याच बांधातून ओढ्यापर्यंत जायचे असते.

आप्पांच्या शिवारात हीच अडचण आहे. ओढा तीन शेते पलीकडे, आणि मधल्या एका भाऊबंदाशी बोलणे बंद. परत आल्यावर चौथ्या दिवशी आम्ही लेव्हल घेऊन उतार मोजला. पाइप काढायला उतार पुरेसा आहे. ओढ्यातून ते खारट पाणी कृष्णेत जाणार, आणि खालच्या अंगाला दुसऱ्या गावाची जॅकवेल आहे. त्यांनी काय म्हणायचे, हा प्रश्न तात्यांनी तेथेच उभा राहून विचारला. पावसाळ्यात नदी भरून वाहते तेव्हा तेवढे मीठ तिच्यात कोठल्या कोठे जाते. उन्हाळ्यात तसे होत नाही. म्हणून निचऱ्याच्या तोंडाला झडप बसवायची आणि नदीला पाणी असताना ती उघडायची, असे सध्या ठरले आहे. भाऊबंदाकडे जायला आप्पा तयार झाले आहेत. बैठक अमावास्या टाळून ठेवली आहे.